टिचकी मारल्यावर पळणारं इंजिन: जुन्या मॉडेल रेल्वेची वीज कुठे अडते आणि ती कशी सोडवायची

जुन्या बाजारातून आणलेलं इंजिन रुळावर ठेवलं, कंट्रोलरची खुंटी फिरवली, आणि ते ढिम्म. मग बोटाने हलकी टिचकी मारली तर वीतभर पळालं आणि पुन्हा थांबलं. हे लक्षण दिसलं की मी मनातल्या मनात खूश होतो. पूर्ण जळलेली मोटर टिचकीने पळत नाही. टिचकीने पळतंय म्हणजे बहुतेकदा मोटर जिवंत आहे, तिच्यापर्यंत वीज धड पोचत नाहीये इतकंच. विकणाऱ्याला हे माहीत नसतं. "साहेब, मोटर गेलीय, शोकेसमध्ये ठेवा, छान दिसेल," असं म्हणून तो ते शोकेसच्या भावात देतो. आपण मान हलवायची, पैसे द्यायचे आणि घरी येऊन हा लेख उघडायचा.

मी इथे दोन रुळांतून १२ व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या गाड्यांबद्दलच लिहितोय, म्हणजे एचओ (खऱ्या गाडीच्या १:८७) आणि इंग्लंडातल्या ओओ (१:७६) या मापांच्या. दोन्हींच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटरच असतं, म्हणून त्या एकाच रुळावर धावतात. ९ मिलिमीटरच्या एन गेजला तत्त्वं हीच लागू पडतात, फक्त डोळ्यांवर भिंग चढवावं लागतं. एक अपवाद आधीच सांगतो. मार्कलिन या जर्मन कंपनीची जुनी एचओ इंजिनं एसीवर चालतात आणि पोटाखालच्या लांब पट्टीने रुळांच्या मधून वीज घेतात. त्यांची दोन्ही बाजूंची चाकं विजेच्या दृष्टीने एकच असतात. असं इंजिन आपल्या दोन रुळांवर ठेवलं की थेट शॉर्ट. घेताना उलटं करून पोट बघा.

आपल्याकडे अशी इंजिनं येतात ती बहुतेक इंग्लंड-युरोपातून. कुणाचा तरी मावसभाऊ बॅगेत घालून आणतो, नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात एखादं खोकं निघतं. कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात धावणाऱ्या गाड्या बघून हा नाद लागलेले तर कितीतरी भेटतात. नाद लागतो नव्या गाड्या बघून, पण खिशाला परवडतात जुन्या.

विजेचा प्रवास

दुरुस्तीला बसण्याआधी हा प्रवास डोक्यात पक्का करा. कंट्रोलरमधून वीज एका रुळात येते. रुळातून चाकाच्या कडेला, चाकातून त्याला घासत असलेल्या पितळी किंवा फॉस्फर ब्राँझच्या पत्तीला (काही इंजिनांत पत्ती नसते, चाकातून आस आणि आसातून धातूची चासी), तिथून वायरने मोटरच्या ब्रशला (कोळशाचा छोटा तुकडा), ब्रशमधून कम्युटेटरला (मोटरच्या फिरत्या भागावरचे तांब्याचे तुकडे) आणि तारेच्या गुंडाळीत. मग दुसऱ्या ब्रशने बाहेर पडून त्याच क्रमाने उलटी, दुसऱ्या रुळात परत.

यात डाग दिलेले, म्हणजे सोल्डर केलेले, सांधे सहसा दगा देत नाहीत. दगा देतात त्या धातू धातूला नुसता टेकलेल्या जागा: रूळ-चाक, चाक-पत्ती, ब्रश-कम्युटेटर. इंजिन आणि टेंडर (वाफेच्या इंजिनामागची कोळशाची गाडी) वेगळे असतील तर त्यांना जोडणारी खीळ ही आणखी एक. प्रवास जाऊन-येऊन असल्यामुळे या सगळ्या जागा दोनदा येतात. डावी बाजू चकाचक आणि उजवी बाजू मेणचट असेल तर इंजिन तितकंच ढिम्म राहतं. नवखा माणूस दिसेल ते पुसत सुटतो, तासाभराने थकतो आणि मग मोटर बदलायच्या गोष्टी करतो. मी आधी मोजतो, मग पुसतो.

टेबलावर काय हवं

साधा मल्टिमीटर, पण कंटिन्युइटीला, म्हणजे दोन टोकांमध्ये विजेची वाट सलग असली की, बीप देणारा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि मगरचिमटे लावलेल्या दोन वायरी. आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. कानाच्या काड्या, टूथपिक, किचन टिश्यू, बारीक पेचकस, टोकदार चिमटा. इंजिन उलटं ठेवायला फोमचा पाळणा. जुन्या स्पंजमध्ये खाच कापली की झाला. एक काचतंतूंची पेन्सिल मिळाली तर उत्तम, पण तिचे तंतू तुटून बोटात घुसतात आणि दिसत नाहीत. ती वापरताना खाली कागद पसरा, कचरा फुंकू नका, ओल्या टिश्यूने टिपून घ्या.

थिनर, ॲसिटोन आणि नेलपॉलिश रिमूव्हर टेबलाजवळही आणू नका. प्लॅस्टिक विरघळतं. आयपीए चाकांना चालतं, पण जुन्या रंगावर आणि अक्षरांवर घासू नका, आणि वापरताना खिडकी उघडी ठेवा. जवळ उदबत्ती नको.

इंजिनासोबत जुना कंट्रोलर आला असेल तर त्याच्याकडे संशयाने बघा. इंग्लंडचा २४० व्होल्टचा आपल्या २३० वर चालतो. अमेरिकेचा १२० व्होल्टचा आपल्या सॉकेटमध्ये घातलात तर तो जळेल. वायरचं रबर तडकलेलं, प्लग सैल, खोक्यातून करपल्याचा वास, यातलं काहीही दिसलं तर तो कंट्रोलर शोभेला. मॉडेलात काटकसर करा, घरच्या विजेत नको.

दोष रुळाचा की इंजिनाचा?

हा निकाल पाच मिनिटांत लागतो. इंजिन फेऱ्या मारत असेल आणि दर वेळी त्याच जागी अडत असेल तर दोष रुळाचा. कुठेही अडत असेल तर इंजिनाचा. अडलं तिथे खडूने खूण करत जा. दहा फेऱ्यांनंतर खुणा एका जागी गोळा झाल्या की विखुरल्या, ते दिसेलच.

इंजिन अजिबात हलत नसेल तर ही युक्ती चालत नाही. मग एक फूटभर सरळ रूळ घ्या, त्याचा माथा आयपीएने पुसा आणि कंट्रोलरच्या वायरी त्याच तुकड्याला लावा. सांधे नाहीत, वळणं नाहीत. १२ व्होल्टचा एखादा छोटा दिवा दोन रुळांना टेकवून वीज येतेय याची खात्री करा. पुढची सगळी तपासणी याच तुकड्यावर.

रूळ पुसायला पॉलिश पेपर वापरू नका. पहिल्या दिवशी चमक येते, पण पडलेल्या बारीक ओरखड्यांत घाण आधीपेक्षा घट्ट बसते. जुने पोलादी रूळ मिळाले असतील आणि तुम्ही मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर एका पावसाळ्यात त्यांच्यावर तांबूस थर चढेल. त्यांच्या नादाला लागायचं नाही. निकेल सिल्व्हरचे रूळ घ्या. नावात चांदी असली तरी त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं. गंजत नाहीत हाच त्यांचा गुण.

बॅटरीची कसोटी

इंजिन पाळण्यात उलटं ठेवा. ९ व्होल्टच्या बॅटरीची एक वायर डाव्या चाकाला, दुसरी उजव्या चाकाला टेकवा. मोटर फिरली नाही तर वायरी सरकवत दुसऱ्या चाकांवर न्या. कुठल्या जोडीवर फिरते, कुठल्यावर नाही, ते लिहून ठेवा.

कुठल्याच जोडीवर फिरली नाही तर वरचं कवच काढा. जुन्या इंजिनांना पुढे एक स्क्रू आणि मागे खाच असते, किंवा दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे कान. कान बोटाने हलकेच फाकवायचे, पेचकसाने उचकटायचे नाहीत. तीस-चाळीस वर्षांचं प्लॅस्टिक कटकन तुटतं. आता बॅटरी थेट ब्रशच्या टोकांना लावा. मोटर फिरली तर तिचा काही दोष नाही, वीज वाटेत अडतेय. इथेही फिरली नाही तर मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून ब्रशच्या दोन टोकांतला रोध मोजा. साधारण दहा ते पन्नास ओहमच्या मधला आकडा आला तर गुंडाळी शाबूत आहे. मीटरने काहीच दाखवलं नाही तर ब्रश कम्युटेटरला टेकत नाहीत असं आधी समजा. गुंडाळी तुटल्याचा निष्कर्ष अगदी शेवटी.

मोटर हाताने अडवून वीज देऊ नका. अडलेली मोटर भराभर तापते.

चाकांचा नकाशा

एका कागदावर इंजिनाची चाकं गोलांनी काढा, डावी रांग, उजवी रांग. मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक टोक त्या बाजूच्या ब्रशला, दुसरं एकेका चाकाच्या कडेला. मधल्या आऱ्यांना टेकवू नका, अनेकदा त्या प्लॅस्टिकच्या असतात. बीप आला की बरोबरची खूण, नाही आला तर फुली. चाक थोडं फिरवा, आसाच्या दिशेने इकडून तिकडे सरकवा आणि परत बघा. एका जागी बीप आणि सरकवल्यावर गप्प, हा रोग सगळ्यात फसवा. टेबलावर इंजिन पळतं आणि वळणावर मरतं ते यामुळे.

फुली दिसली म्हणून लगेच दुरुस्तीला धावू नका. काही चाकं मुळातच वीज घेत नाहीत. पकड वाढावी म्हणून ज्या चाकांवर रबरी कडी चढवलेली असते त्यांची रबरी कडा वीज नेत नाही. जुन्या बनावटीत बरेचदा एका बाजूची चाकं आसापासून तोडलेली असतात आणि दुसऱ्या बाजूची आसाला धातूनेच जोडलेली. म्हणून आस काढून साफ करताना उलटा बसला की सगळं इंजिन शॉर्ट होतं. काढण्याआधी मोबाइलवर फोटो, आणि आसाच्या एका टोकाला पांढऱ्या रंगाचा ठिपका.

या नकाशाने मला काय दाखवलं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या हाती एक जुनं इंग्रजी वाफेचं इंजिन आलं. मोटर टेंडरमध्ये. या पद्धतीत इंजिन एका रुळातून वीज घेतं, टेंडर दुसऱ्या रुळातून, आणि इंजिनाची वीज दोघांना जोडणाऱ्या धातूच्या खिळीवाटे टेंडरमधल्या मोटरला मिळते. इंजिन टिचकीला प्रतिसाद देत होतं. मी चाकं पुसली, टेंडरच्या पत्त्या पुसल्या. फरक शून्य. मग शहाणपण सुचलं आणि मीटर घेतला. इंजिनाच्या उजव्या चाकापासून चासीपर्यंत बीप. चासीपासून खिळीपर्यंत बीप. टेंडरच्या डाव्या चाकापासून ब्रशपर्यंत बीप. राहिली खीळ आणि तिचं टेंडरमधलं भोक. मीटर ओहमवर ठेवला आणि टेंडर बोटाने हलवला. आकडा ३ वरून ८० वर, तिथून गायब, परत ५. भिंगाखाली खीळ काळीठिक्कर, आणि भोकाच्या कडेला कुणीतरी भरभरून घातलेलं तेल गुळाच्या पाकासारखं घट्ट झालेलं.

काचतंतूंच्या पेन्सिलने खीळ पिवळी होईपर्यंत घासली, भोक आयपीएच्या टूथपिकने पुसलं. इंजिन पळालं. पावसाळ्यात पंधरा दिवसांत परत अडलं. नुसत्या टेकण्यावर भरवसा ठेवायचा नाही हे तेव्हा ठरवलं. जुन्या माऊसच्या केबलमधली एक बारीक, लवचीक वायर काढली आणि इंजिनाच्या चासीपासून टेंडरमधल्या ब्रशच्या टोकापर्यंत थेट नेली. खिळीने आता फक्त ओढायचं काम करायचं. यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. चासी जस्ताच्या मिश्रधातूची असेल तर तिला डाग धरत नाही. वायरच्या टोकाला छोटी कडी करून ती चासीच्या स्क्रूखाली दाबा, आणि स्क्रूखालचा रंग आधी खरवडा. दुसरं, वायर वळणावर ताणली जाणार नाही इतकी सैल, पण लोंबून रुळाला किंवा चाकाला लागणार नाही इतकी आखूड ठेवा. माझी पहिली वायर आखूड झाली आणि पहिल्याच वळणावर टेंडर रुळावरून उतरला.

चाकं कशी पुसायची

चाकांवरचा काळा थर नुसती धूळ नसते. चाक आणि रूळ यांच्यात सूक्ष्म ठिणग्या पडतात, त्याने धातूचा ऑक्साइड बनतो, त्यात तेल मिसळतं, डब्यांच्या प्लॅस्टिक चाकांचा भुगा मिसळतो आणि सगळ्याचं डांबर होतं. वीज घेणारं नेमकं ते वर्तुळ या डांबराखाली झाकलं जातं.

मोटरवर फिरणारी चाकं त्यांच्याच जोरावर साफ करायची. टिश्यूची पट्टी आयपीएत भिजवून, पिळून, रुळाच्या त्या तुकड्यावर आडवी टाका. इंजिनाची एका टोकाची चाकं टिश्यूवर, दुसऱ्या टोकाची मोकळ्या रुळावर. इंजिन हाताने धरून ठेवा आणि कंट्रोलर निम्म्यावर आणा. टिश्यूवरची चाकं फिरत राहतील आणि खाली काळे पट्टे उमटतील. पट्टी सरकवत राहा, पांढरी राहिली की इंजिन फिरवून दुसरं टोक. इंजिन मोकळ्या रुळावरून वीज घेत नसेल तर कवच काढून मोटरला बॅटरी लावा आणि तेच करा. रबरी कडी असलेली चाकं टिश्यूवर फार वेळ ठेवू नका, रबर फुगतं. कडी कडक झालेली, फुगलेली किंवा तिरकी बसलेली असेल तर ती शेजारचं चाक रुळावरून उचलून धरते, आणि वीज घेणारं नेमकं तेच शेजारचं असतं. कडी बदलून टाका.

मोटरला न जोडलेली चाकं कानाच्या काडीने, थर जाड असेल तर आधी टूथपिकच्या बाजूने खरवडून. पोलादी पातं लावू नका. चाकाचा माथा ओरखडला की डांबर पुन्हा तिथेच घर करतं.

पत्त्या

चाकाच्या मागच्या बाजूला टेकणारी पत्ती हा या सगळ्या कारखान्यातला सर्वांत दुबळा कामगार. चाक आणि पत्ती यांच्यामध्ये आयपीएत भिजवलेल्या कागदाची चिरोटी सरकवा आणि चाक फिरवत ओढून काढा. काळी रेघ आली तर आणखी एक. रेघ थांबली की कोरडी चिरोटी.

मग दाब. आस डावीकडे ढकलली तर पत्ती चाकाच्या पाठोपाठ गेली पाहिजे, उजवीकडे ढकलली तर दबली पाहिजे, आणि दोन्ही वेळी टेकलेली राहिली पाहिजे. चिमट्याने पत्ती मुळाशी धरून टोकाकडे किंचित वाकवा. मधे एकदम घडी घालू नका, तिथेच मोडते. दाब फार वाढवलात तर चाक अडतं. मोकळ्या चाकाला बोटाने टिचकी दिली की ते सहज फिरायला हवं. दाब कमी असेल तर वीज तुटते, जास्त असेल तर चाक फरफटतं आणि त्याचा माथा एका बाजूला झिजतो. या बाबतीत माझं मत कमी दाबाच्या बाजूचं आहे. हलकी पत्ती परत वाकवता येते, झिजलेलं चाक परत गोल होत नाही.

मोटरच्या आत

बॅटरी ब्रशला लावूनही मोटर फिरली नाही किंवा कुंथत फिरली तर हे वाचा, नाहीतर पुढे जा. आधी कम्युटेटर. काडीला आयपीए लावून तांब्याचे तीन किंवा पाच तुकडे पुसा, मोटर हाताने फिरवत. तुकड्यांमधल्या फटींत ब्रशचा कोळसा साचतो आणि शेजारच्या तुकड्यांना जोडून टाकतो. टूथपिकच्या टोकाने प्रत्येक फट हलकेच साफ करा. पॉलिश पेपर इथेही नको.

ब्रश काढताना सगळं काम पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून करा. हॉर्नबी या इंग्रजी कंपनीच्या गोल रिंगफील्ड मोटरच्या ब्रशमागच्या बारीक स्प्रिंगा उडाल्या की गाद्यांच्या शिवणीत जाऊन बसतात. ट्रायँग या दुसऱ्या इंग्रजी बनावटीच्या जुन्या एक्स-झीरो-फोर मोटरमध्ये दोन्ही ब्रश एकाच स्प्रिंगने दाबलेले असतात आणि स्प्रिंगच्या एका बाजूवर इन्सुलेशनची छोटी नळी असते. ती नळी हरवली की दोन्ही ब्रश स्प्रिंगमधूनच जोडले जातात आणि शॉर्ट होतं. बाजारातल्या कित्येक 'मेलेल्या' मोटरींची नळीच गेलेली असते. सोलून घेतलेलं वायरचं बारीक आवरण तिथे चालतं. याच मोटरचं चुंबक मात्र काढू नका. उघडं पडल्यावर त्याची ताकद घटते आणि मग मोटर गरम होऊन रडत धावते.

तेल शेवटी, आणि अगदी थोडं. शिवणयंत्राच्या तेलात सुईचं टोक बुडवा, टोकाला जेवढं राहील तेवढं आसाच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगला. कम्युटेटरवर थेंबही नको. जुन्या मालकांचा पहिला गुन्हा तेल न घालणं हा नसून डबाभर घालणं हाच असतो. ते तेल चाकांवर उतरतं आणि पहिल्या परिच्छेदातली टिचकी तिथून सुरू होते.

दोन बनावटी, दोन स्वभाव

इटलीच्या लिमाची जुनी डिझेल इंजिनं दिसायला देखणी आणि स्वस्त मिळतात. त्यांच्यात एक बोगी एका रुळातून आणि दुसरी बोगी दुसऱ्या रुळातून वीज घेते. (बोगी म्हणजे आपण प्लॅटफॉर्मवर म्हणतो तो डबा नव्हे, त्याखालची चाकांची गाडी.) म्हणजे आठ चाकं असूनही प्रत्येक रुळातून वीज घेणारी चाकं मोजकीच, त्यांतली काही रबरी. अशा इंजिनाला कितीही पुसलंत तरी सांध्यावर अडखळणारच. त्याला जास्तीची पिकअप, म्हणजे चाकातून वीज घेणारी पत्ती किंवा तार, हवी.

दुसरी तऱ्हा मेनलाइन आणि बॅकमन या कंपन्यांच्या सुरुवातीच्या इंजिनांची. यात चासीच उभी दोन भागांत असते, मधे प्लॅस्टिकची दांडी. आसही मधे तुटलेला, प्लॅस्टिकच्या बाहीने जोडलेला. पत्त्या नसतातच. वीज आसातून बेअरिंगमधून थेट त्या बाजूच्या चासीला. इथे दोष आला की तो बेअरिंगच्या घाणीचा असतो, किंवा बाही तडकून चाकांचा कोन बिघडलेला असतो. पहिलंच इंजिन दुरुस्त करत असाल तर ही चासी पूर्ण उकलू नका. बेअरिंगच्या तोंडाशी आयपीएचा थेंब सोडा, चाकं फिरवा, टिश्यूने टिपा, असं चार-पाच वेळा. बहुतेकदा तेवढं पुरतं.

जास्तीची पिकअप: सतारीची तार

वीज घेणारी चाकं वाढवली की निम्मे आजार आपोआप जातात. यासाठी लागते फॉस्फर ब्राँझची बारीक, लवचीक तार. परदेशात ती या कामासाठी विकत मिळते. आपल्याकडे मी ती वाद्यांच्या दुकानातून आणतो. सतारीची जोडाची तार ब्राँझची असते, जाडी सुमारे ०.४ मिलिमीटर. एक तार पाच-सहा इंजिनांना पुरते. मिरजेला जाणं होतच असेल तर तिथे तार निवडायला दुकानंही भरपूर आहेत. मी 'चाकाला टेकवायला' तार हवी म्हटल्यावर दुकानदाराने विचित्र नजरेने पाहिलं होतं.

आता कृती. तांब्याचा पत्रा चढवलेल्या सर्किट बोर्डची पाच मिलिमीटर रुंद पट्टी कापा, आसाच्या लांबीपेक्षा थोडी कमी. तांब्यावर मधोमध करवतीने खाच पाडून डावा आणि उजवा भाग वेगळा करा आणि मीटरने बघा: दोन भागांत बीप येता कामा नये. पट्टी बोगीच्या तळाला आराल्डाइटने चिकटवा, रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक भागावर तारेचा तुकडा डाग देऊन लावा. डाग देताना तापवणं दोन सेकंदांत उरका, नाहीतर खालचं प्लॅस्टिक वितळतं. आधी दोन्हीकडे थोडं सोल्डर चढवून ठेवलं की हे जमतं. तार हलक्या कमानीत वाकवून तिचं टोक चाकाच्या मागच्या धातूच्या कडेला टेकवा. चाकांच्या माथ्यावर टेकवलेली तार लवकर डांबरात भरते, मागे टेकवलेली कमी.

शेवटी प्रत्येक भागापासून वायर त्याच बाजूच्या जुन्या पिकअपला. डावी वायर उजवीकडे लागली तर रुळावर ठेवल्याक्षणी शॉर्ट, कंट्रोलरचा लाल दिवा लागतो. रुळावर ठेवण्याआधी मीटर ओहमवर ठेवून डाव्या आणि उजव्या चाकांत शॉर्ट नाही ना, ते बघण्याची सवय लावा. मोटरमधून जाणारे काही ओहम दिसतील, ते चालतात. सरळ शून्य नको.

एक सूचना. मॉडेल थांबू नये म्हणून मोटरला मोठा कपॅसिटर जोडायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो सल्ला डीसीसीच्या, म्हणजे डिजिटल कंट्रोलच्या, गाड्यांसाठी आहे, जिथे रूळ आणि मोटर यांच्या मधे डिकोडर नावाचं छोटं सर्किट असतं. साध्या डीसीवर गाडी उलटी फिरवली की विजेची दिशा बदलते, आणि उलटी वीज मिळालेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुटू शकतो.

आता मोठा रूळ

इंजिन तुकड्यावर नीट चालतंय आणि घरच्या मांडणीवर अडतंय? मग फिशप्लेट बघा. दोन रूळ जोडणारे ते छोटे पत्रे सैल होतात. पकडीने हलकेच दाबा, किंवा दर तीन-चार फुटांवर रुळाच्या खालच्या कडेला डाग देऊन कंट्रोलरची स्वतंत्र वायर सोडा. मी दुसरं करतो. मांडणीखाली आडवं पडून काम करताना डोळ्यांत सोल्डर पडायची भीती वाटते, पण एकदा केलं की विसरता येतं.

रूळ वाट बदलतात तो सांधा हा दुसरा गुन्हेगार. त्याचं मधलं नाक प्लॅस्टिकचं असेल तर तेवढा तुकडा निर्जीव. चार चाकांचं छोटं शंटर इंजिन नेमकं तिथे फसतं, लांब इंजिन निघून जातं. सरकणाऱ्या रुळाच्या पात्याला बाजूच्या रुळाशी टेकूनच वीज मिळते अशी बनावट असेल तर त्या फटीत आयपीएची चिरोटी फिरवा. आणि सांध्यावर इंजिनाला वेगाने पळवून 'पार' करवू नका. वेगाने गेलं म्हणजे दोष गेला असं नाही, दिसला नाही इतकंच.

शेवटची चाचणी: खुंटी सर्वांत खाली, जेमतेम हलेल इतकी. सांध्यावरून, वळणावरून, दोन्ही दिशांना. मग प्रत्येक दिशेला वीस मिनिटं मध्यम वेगाने फिरू द्या आणि चाकं परत पुसा, कारण आत सैल झालेली जुनी घाण या वेळात बाहेर येते. मोटरवर बोट ठेवून बघा. कोमट चालेल, चटका नको. मग तो चाकांचा नकाशा घडी करून इंजिनाच्या खोक्यातच ठेवा. माझ्या टेंडरवाल्या इंजिनाच्या खोक्यात आहे तो असा: "मागचं उजवं चाक मुळात वीज घेत नाही, पुसत बसू नये. खीळ पुसू नये, वायर बघावी."